यकृतरोग्याचे रक्त जाते कुठे?

महाराष्ट्रात ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य इतके अंगवळणी पडले आहे की ते ऐकून कोणाच्या कपाळावर आठीसुद्धा उमटत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सिस्टर ते म्हणते, सिव्हिलच्या वॉर्डातला शिकाऊ डॉक्टर ते केसपेपरवर खरडतो, घरात सासू ते सुनेविषयी बोलते. आणि लोहाच्या गोळ्यांचे पाकीट हातात पडले की सगळ्यांचे कर्तव्य संपते. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातील दर शंभर बायकांत ५४ जणी रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या पाहणीत हा आकडा ४८ होता. फुले-आंबेडकरांचे नाव घेतल्याशिवाय ज्या राज्यात भाषण सुरू होत नाही, त्या राज्यातल्या बायकांच्या अंगातले रक्त दोन पाहण्यांच्या दरम्यान वाढले नाही, उतरले! सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांत तर हे प्रमाण शंभरात ६९ च्या घरात गेले. ही आकडेवारी विधिमंडळाचे कामकाज बंद पाडण्याच्या लायकीची होती. तिच्यावर साधा गदारोळही झाला नाही.

या प्रचंड गर्दीत एक रुग्ण पार हरवून गेला आहे, आणि आजचा हा अग्रलेख त्याच्यासाठी आहे. ज्याचे यकृत आधीच निकामी होत आले आहे आणि ज्याच्या अंगातले रक्तही उतरले आहे, असा हा रुग्ण. यकृताच्या जुनाट आजाराच्या दर चार रुग्णांपैकी सुमारे तिघांना कोणत्या ना कोणत्या प्रकारचा रक्तक्षय असतो, हे वैद्यकाला केव्हाच ठाऊक झाले आहे. तरीही आपल्या दवाखान्यांत या रक्तक्षयाकडे मूळ दुखण्याची शेपूट म्हणून पाहिले जाते. ‘लिव्हर खराब आहे, त्यामुळे अशक्तपणा आहे’ असे सांगून रुग्णाला वाटेला लावले जाते. आम्ही स्पष्ट सांगतो: यकृतरोग्याच्या अंगातले रक्त कमी होणे हा अशक्तपणा नव्हे. आधीच कोलमडलेल्या रक्ताभिसरणावर पडलेला तो दुसरा घाव आहे. रक्त जाते कुठे, हा प्रश्न न विचारता वरून गोळ्या आणि पिशव्या ओतत बसणारी व्यवस्था या रुग्णांच्या मरणाची वाटेकरी आहे.

हे आरोप हवेतले नाहीत. शरीरात काय घडते ते नीट पाहिले, तर कोणालाही पटेल.

निरोगी माणसाचे हृदय मिनिटाला साधारण पाच लिटर रक्त फेकते, आणि त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या यकृतातून फिरतो. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. पाऊण भाग आतडी आणि पानथरीकडून पोर्टल शिरेतून येतो, पाव भाग धमनीतून. प्राणवायू मात्र दोन्ही वाटांनी जवळपास निम्मा-निम्मा पोचतो. सिरॉसिसमध्ये यकृताचे मऊ मांस जाऊन तिथे व्रणाचे कठीण जाळे तयार होते. पोर्टल शिरेतले रक्त त्यातून पुढे सरकेनासे होते, मागे तुंबते, दाब वाढतो. यकृताच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या शिरांतल्या दाबातला, एरवी एक ते पाच मिलिमीटर (पारा) असणारा फरक दहाच्या वर गेला की अन्ननलिकेतल्या शिरा फुगू लागतात. बाराच्या वर गेला की त्या फुटण्याची धास्ती निर्माण होते.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेक डॉक्टर नातेवाइकांना सांगतात. पुढची सांगत नाहीत. तुंबलेल्या दाबाला उत्तर म्हणून पोटातल्या रक्तवाहिन्या नायट्रिक ऑक्साइडसारखी द्रव्ये सोडून स्वतःला सैल करतात. कालव्यावरच्या वरच्या गावांनी सगळी दारे उघडी टाकली, की धरण भरलेले असूनही शेपटाकडच्या शेतकऱ्याचा बांध कोरडा राहतो. तसे पोटात रक्त साचते आणि मूत्रपिंडे, मेंदू, स्नायू उपाशी राहतात. उपाशी मूत्रपिंडांना वाटते अंगात पाणीच नाही. ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. ते पाणी पोटात उतरते, पायावर सूज चढते, आणि रक्तातला पाण्याचा अंश वाढून हिमोग्लोबिन आणखी खाली दिसते. हृदय बिचारे ही तूट भरून काढण्यासाठी रात्रंदिवस धावत सुटते. १९५३ मध्ये अमेरिकेत कोवाल्स्की आणि एबलमन या संशोधकांनी सिरॉसिसच्या रुग्णांचे हृदय स्वस्थ पडून असताना किती रक्त फेकते ते मोजले, तेव्हा त्यातल्या बऱ्याच जणांत ते प्रमाण चढलेले आढळले. पुढे १९९१ मध्ये व्हॅलन्स आणि मोन्काडा यांनी या धावपळीमागे नायट्रिक ऑक्साइडचा हात असावा अशी मांडणी केली, आणि नंतरच्या संशोधनाने तिला बळ दिले.

अशा रुग्णाचा हात एकदा हातात घेऊन पाहा. तळवा लालसर आणि गरम लागतो. नाडी बोटाखाली उसळते, शंभरच्या पुढे पळते. छातीवर, खांद्यावर कोळ्याच्या पायांसारख्या बारीक लाल शिरा दिसतात. हाताची ही ऊब पाहून घरच्यांना बरे वाटते. ‘अंगात रक्त खेळतंय’ असे ते म्हणतात. मात्र खालची पापणी ओढली तर आत पांढरेफटक, नखे फिकट, आणि रक्तदाबाच्या यंत्रावर आकडा नव्वदच्या आसपास. गरम हात आणि पांढरी पापणी एकाच देहात दिसली, तर तिथे काहीतरी भयंकर बिघडले आहे, हे ओळखायला फार मोठी पदवी लागत नाही. लागते ती दोन मिनिटे. आपल्या बाह्यरुग्ण विभागांत तीच दोन मिनिटे रुग्णाच्या वाट्याला येत नाहीत.

आता या विस्कटलेल्या अभिसरणात रक्तक्षयाची भर घाला. हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते, हे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ते नायट्रिक ऑक्साइडही टिपून घेते, हे फारसे कोणी सांगत नाही. हिमोग्लोबिन उतरले की हे टिपणारे हात कमी होतात, वाहिन्या आणखी सैल पडतात. रक्त पातळ झाल्याने त्याचा वाहण्याला होणारा अवरोधही घटतो. म्हणजे ज्या रोगात अवरोध आधीच तळाला गेला आहे, त्याच रोगात तो आणखी खचतो. रक्तदाब आणखी उतरतो, मूत्रपिंडांचा आकांत वाढतो, हृदयाला अधिक जोराने धावावे लागते. आणि हे हृदय दिसते तितके दणकट नसते. सिरॉसिसमध्ये हृदयाचा स्नायूही आतून दुबळा होतो. बसल्या जागी तो तग धरतो, पण जंतुसंसर्ग झाला, रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली, की ऐन वेळी दगा देतो.

यकृताचे स्वतःचे काय होते तेही पाहा. पोर्टल शिरेची वाट अडली असल्याने हा अवयव धमनीतून येणाऱ्या रक्तावर अधिकाधिक विसंबून असतो. त्या रक्तातच प्राणवायू कमी असेल तर उरल्यासुरल्या पेशींची उपासमार होते. त्यात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे वैद्यकाचे विद्यार्थीही दुर्लक्ष करतात. रक्तवाहिनीत लाल पेशी मधोमध धावतात आणि प्लेटलेट्सना कडेला, वाहिनीच्या भिंतीकडे ढकलतात. जखम झाली की प्लेटलेट्स तिथे हजर असतात त्या यामुळेच. लाल पेशी विरळ झाल्या की प्लेटलेट्स भिंतीपासून दूर राहतात. ज्याच्या प्लेटलेट्स पानथरीने आधीच गिळल्या आहेत, त्या रुग्णाच्या उरलेल्या प्लेटलेट्सही अशा निकामी होतात. रक्तस्रावाने रक्तक्षय होतो आणि रक्तक्षयाने रक्तस्राव थांबेनासा होतो!

मग विचारा: रक्त जाते कुठे? वाटा अनेक आहेत. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांतून ते एकदम भळाभळा जाते, किंवा पोटाच्या सुजलेल्या अस्तरातून महिनोन्महिने झिरपते आणि कोणाला पत्ता लागत नाही. सुजलेली पानथरी लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट्स सगळ्यांनाच अडकवून ठेवते. दारू अस्थिमज्जेवर थेट घाव घालते, फोलेटचे शोषण बिघडवते, जठराला ओरखडे काढते. पोट पाण्याने फुगलेले, तोंडाला चव नाही, त्यामुळे जेवण दोन घासांवर आलेले. लोह, फोलेट, प्रथिने येणार कुठून? लोहाच्या शोषणावर ताबा ठेवणारे हेप्सिडिन हे द्रव्य यकृतातच तयार होते. यकृतच बिघडले, तर तो ताबाही सुटतो. दारुड्याच्या शरीरात तर लोह गरजेहून जास्त साचू शकते.

म्हणून सरसकट लोहाच्या गोळ्या हा उपचार नव्हे. आमच्याकडे रोग रेड्याला आणि औषध पखालीला अशी गत झाली आहे. लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासले तर ते दाहामुळे फसवे वाढलेले दिसते. बी-१२ तपासले तर बिघडलेल्या यकृताने आपला साठा रक्तात सोडल्याने ते भरपूर असल्याचा भास होतो. हे वाचणारा डोळा लागतो, आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेच्या छापील कागदाला तो डोळा नसतो. गोळ्यांचा आणखी एक धोका आहे. लोहाच्या गोळीने शी काळसर होते. पोटात रक्त झिरपत असले तरीही शी काळी होते. घरचे समजतात गोळीमुळे, डॉक्टर फोनवर सांगतात ‘होतं तसं’, आणि तीन दिवसांनी माणूस रक्ताची उलटी करून कोसळतो. यातला फरक प्रत्येक घरात ठाऊक असायला हवा: रक्ताने काळी झालेली शी डांबरासारखी चकाकते, भांड्याला चिकटते आणि तिला असह्य घाण वास येतो. हे वाक्य आशाताईंच्या प्रशिक्षणात आहे काय? नसेल तर का नाही?

आता आम्ही त्या लाल पिशवीकडे वळतो, जिच्यावर आपल्या समाजाची अंधश्रद्धा जडली आहे. एचबी सात-आठ दिसले की नातेवाईक रक्तपेढीकडे धावतात, पुढारी फोन फिरवतात, आणि ‘दोन पिशव्या चढवा, माणूस उभा राहील’ असा आग्रह सुरू होतो. डॉक्टरही या दबावापुढे मान तुकवतात. २०१३ मध्ये बार्सिलोनातल्या डॉक्टरांनी पोटातून तीव्र रक्तस्राव झालेल्या नऊशेहून अधिक रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिले, दुसऱ्याला ९ च्या खाली जाताच. सहा आठवड्यांनी हात आखडून रक्त दिलेल्या गटात ९५ टक्के रुग्ण जिवंत होते, सढळ हाताने दिलेल्या गटात ९१ टक्के. पुन्हा रक्तस्राव होण्याचे प्रमाणही सढळ गटातच अधिक. सिरॉसिसचा आजार फार पुढे न गेलेल्या रुग्णांत हा फरक विशेष ठळक होता, आणि सढळ रक्त दिलेल्यांच्या पोर्टल शिरेतला दाब वाढल्याचे मोजून दाखवले गेले. अर्थ उघड आहे. तुंबलेल्या वाहिनीत घाईने भर घातली की दाब चढतो आणि नुकतीच बसलेली गुठळी उडते.

याचा अर्थ रक्त देऊच नये असा कोणी काढू नये. धो-धो रक्तस्राव होणाऱ्या, कोसळलेल्या रुग्णाला त्या अभ्यासातून आधीच वगळले होते. त्याला रक्त हवेच, आणि तत्काळ हवे. ज्याला हृदयविकारही आहे त्याचा हिशेब वेगळा. पण यकृतरोग्यात सर्वसाधारणपणे सातच्या खाली गेल्यावर रक्त आणि सात ते आठच्या दरम्यान थांबणे, हा आज जगभर मानला गेलेला नियम आहे. तो आपल्या किती वॉर्डांच्या भिंतीवर लावलेला आहे? एका गोष्टीवर आमचा विशेष राग आहे. पिशवी चढवली, आकडा नऊवर गेला, रुग्णाला घरी सोडले, आणि दुर्बीण टाकून शिरा पाहिल्याच नाहीत, असे प्रकार होतात. हा उपचार नव्हे, पुढच्या रक्तस्रावाची तारीख पुढे ढकलणे आहे. शिरा फुटलेल्या रुग्णाला आल्या क्षणी दाब कमी करणारे टर्लिप्रेसिन किंवा ऑक्ट्रिओटाइड, सोबत प्रतिजैविक, आणि बारा तासांच्या आत एंडोस्कोपी करून बँडिंग, म्हणजे शिरा बांधणे, हे मिळायलाच हवे. हे सर्व मिळूनही शिरा फुटलेल्या सहा-सात रुग्णांमागे एखादा सहा आठवड्यांत दगावतो. न मिळालेल्यांची गत काय होत असेल?

भामरागडहून गडचिरोली दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. मेळघाटातल्या, अक्कलकुव्याच्या पाड्यांवरच्या माणसाला रात्री दोन वाजता रक्ताची उलटी झाली, तर १०८ ची गाडी त्याला कुठे नेणार? आरोग्य खात्याला आमचे जाहीर आव्हान आहे: राज्यातल्या कोणत्या जिल्हा रुग्णालयात चोवीस तास एंडोस्कोपी आणि बँडिंग होते, त्याची नावानिशी यादी प्रसिद्ध करा. कोनशिला, रंगरंगोटी, नवे फलक यांची छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली. आता ती यादी हवी.

आणि शिरा फुटेपर्यंत वाट का पाहायची? प्रोप्रॅनोलॉल ही जुनी, स्वस्त गोळी पोर्टल शिरेतला दाब उतरवते, हे फ्रान्समध्ये लेब्रेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या सुमारास दाखवून दिले. आज कार्व्हेडिलॉलही आहे. ही औषधे रक्तदाब आणि मूत्रपिंडे पाहून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात. पण ती महाग नाहीत, दुर्मीळ नाहीत. साध्या सीबीसी तपासणीत हिमोग्लोबिनच्या खालीच प्लेटलेट्सचा आकडा छापलेला असतो. एचबी दहा आणि प्लेटलेट्स ऐंशी हजार असे दोन आकडे एकाच कागदावर दिसले, तर पानथरी आणि यकृत तपासा असे तो कागद ओरडून सांगत असतो. वर्षानुवर्षे असे कागद बघून लोहाच्या गोळ्या लिहून देणाऱ्यांना आम्ही वैद्य म्हणायला तयार नाही.

डॉक्टरांना धारेवर धरताना भोंदूंना सोडून चालणार नाही. कावीळ म्हटली की आजही शिकली-सवरलेली माणसे ‘उतरवून’ घ्यायला जातात. तिथे काय चालते ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव करून दाखवले आहे. हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळायचा आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायचे. पाणी पिवळे होते, आणि भाबडा रुग्ण समजतो आपल्या अंगातली कावीळ परातीत उतरली. कुठे गळ्यात काविळीची माळ, कुठे नाकात झोंबणारा रस, कुठे तापलेल्या सळईचे डाग. हेपॅटायटिस ए किंवा ई ची कावीळ बहुतेकांत आपोआप बरी होते, आणि त्याचे श्रेय हा भोंदू लाटतो. ज्याची कावीळ सिरॉसिसची असते तो मात्र या परातीपुढे आपले मोलाचे महिने घालवतो, पथ्याच्या नावाखाली डाळ, अंडी, दूध बंद करतो आणि रक्त तयार होण्याची उरलीसुरली वाटही बुजवतो. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा झाला. कुत्रा, साप, विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारापासून रोखणे त्या कायद्याने गुन्हा ठरवले. काविळीच्या रुग्णालाही हेच संरक्षण नाव घेऊन द्या, ही आमची मागणी आहे.

आता दारू. सरकारच्या तिजोरीला दारूचा महसूल गोड लागतो. २०१५ मध्ये लागू केलेली चंद्रपूरची दारूबंदी २०२१ मध्ये उठवली गेली. २०२५ च्या जूनमध्ये मद्यावरचे शुल्क वाढवताना वर्षाला सुमारे १४ हजार कोटी रुपये जादा मिळतील असे सांगण्यात आले. बंदी हवी की नको यावर मतभेद असू शकतात, आणि बंदीतही हातभट्टी पेटते हे आम्ही जाणतो. परंतु ज्या पैशावर यकृते कुजतात त्या पैशातून यकृताच्या रुग्णांसाठी ठरावीक हिस्सा का राखून ठेवू नये? पिणाऱ्याच्या खिशातून घेतलेला रुपया त्याच्या शिरा बांधायला परत गेला पाहिजे. यात उपकार नाही, देणे आहे.

पण यकृताचा प्रत्येक रुग्ण दारुडा असतो, हा समजही ठेचून काढायला हवा. त्या समजाने बायकांचे फार नुकसान केले आहे. आयुष्यात कधी दारूला न शिवलेल्या बाईला सिरॉसिस निघाला, की घरात कुजबुज सुरू होते; ती लाजेने दवाखाना टाळते. यकृतात चरबी साचण्याचा विकार मधुमेह आणि लठ्ठपणाबरोबर घरोघर शिरला आहे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये त्याचा असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समावेश केला तो उगाच नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हेपॅटायटिस बी चे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख रुग्ण होते. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे दान केलेल्या रक्ताची हेपॅटायटिस सी साठी सक्तीची तपासणी नव्हती. त्या काळात बाळंतपणात रक्त चढवलेल्या किती बाया आज पन्नाशी-साठीत या विषाणूसह नकळत जगत असतील? एकदा रक्तक्षयावर उपाय म्हणून चढवलेले रक्तच त्यांच्या यकृताचे मारेकरी ठरले, आणि आता ते यकृत पुन्हा त्यांचे रक्त आटवत आहे. हेपॅटायटिस सी आज बहुतेकांत बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांत. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ही औषधे मोफत आहेत. अशी प्रत्येक बाई शोधून तिची तपासणी करणे हे शासनाचे काम आहे, तिने स्वतः येऊन विचारण्याची वाट पाहणे नव्हे.

बायकांच्या रक्तक्षयाचा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत राहून तिने गरोदर बायकांच्या जीवघेण्या रक्तक्षयाचा शोध घेतला. गरीब घरच्या बाया काय खातात, त्यांची परिस्थिती काय, हे तिने पाहिले आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे दाखवले. त्यातूनच पुढे फोलेटपर्यंतची वाट उघडली. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका बाईने या शहरात विचारले होते की या बायकांचे रक्त का आटते. तोच प्रश्न आज आपल्याच डॉक्टरांनी आपल्याच आयाबहिणींबद्दल विचारू नये, याची आम्हाला चीड येते. यकृताच्या आजाराने ग्रासलेल्या बाईचे एचबी नऊ असले तर ‘बायकांचे असतेच’ म्हणून ते सोडून दिले जाते. बायकांचे नऊ असते ते आपण तसे ठेवले म्हणून! वैद्यकाने स्त्रीसाठी रक्तक्षयाची रेघ बारावर आखली आहे. आपल्या आळसाने ती नऊवर आणू नये.

सरकारकडे आम्ही मागतो ते अशक्य कोटीतले नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात चोवीस तास बँडिंग आणि त्याला जोडलेली रक्तपेढी. रक्तक्षय मुक्त भारत मोहिमेत यकृतरोग्यांची स्वतंत्र नोंद, आणि दर तीन महिन्यांनी त्यांचे हिमोग्लोबिन, प्लेटलेट्स आणि क्रिएटिनिन. यकृतरोग्यास रक्त केव्हा द्यावे आणि केव्हा थांबावे याचा लेखी नियम, प्रत्येक अपघात विभागात मराठीत. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रत्येक बाळाला हेपॅटायटिस बी ची लस. ती २०११ पासून देशभरच्या लसीकरणात आहे, तरी घरी बाळंत होणाऱ्या पाड्यांवर तो पहिला दिवस हुकता कामा नये. आणि मद्याच्या महसुलातला राखीव वाटा, कायद्याने बांधलेला. अर्थसंकल्पी अधिवेशनात यातल्या एकाही गोष्टीची तरतूद दिसली नाही, तर त्या दिवशीच्या आमच्या अग्रलेखात संबंधित मंत्र्यांची नावे असतील.

वाचकहो, तुमच्या घरात यकृताचा रुग्ण असेल तर आजच त्याचा जुना रिपोर्ट काढा आणि हिमोग्लोबिनच्या खालचा प्लेटलेट्सचा आकडा वाचा. तो दीड लाखाच्या खाली असेल तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा: दुर्बीण कधी टाकायची? अंगदुखीसाठी ब्रुफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मनाने देऊ नका. त्या जठरातून रक्त काढतात आणि मूत्रपिंडे बसवतात. दारू पूर्ण बंद करा. पोटात पाणी असेल तर मीठ कमी करा. पण डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय डाळ, दूध, अंडी तोडू नका. रुग्ण बरळू लागला, झापड आली, उभे राहताच चक्कर आली, किंवा शी डांबरासारखी काळी, चिकट झाली, तर सकाळची वाट पाहू नका. तशाच रात्री, अंथरुणातून उचलून, त्याला मोठ्या रुग्णालयात न्या.